कीड एकही नाही, तरी इनॅमल पातळ झाले: यात खाण्यापिण्याचा वाटा किती?

प्रश्न : चौकस

नेहमीच्या तपासणीत दंतवैद्यांनी माझ्या दातांविषयी जे सांगितले, ते मला अजून पुरते उलगडलेले नाही. वरच्या पटाशीच्या दातांचे इनॅमल, म्हणजे दातांवरचे कठीण आवरण, बाहेरच्या अंगाने पातळ होत चालले आहे, त्या दातांच्या कडा किंचित पारदर्शक दिसू लागल्या आहेत आणि खालच्या दाढांच्या उंचवट्यांवर बारीक खळगे पडले आहेत. कीड मात्र एकाही दाताला लागलेली नाही आणि हिरड्याही निरोगी आहेत. ही आम्लामुळे होणारी झीज आहे असे निदान करून त्यांनी खाण्यापिण्याच्या सवयी तपासून पाहायला सांगितले. वेळेअभावी त्यापुढे बोलणे झाले नाही, म्हणून येथे विचारते आहे.

दात बिघडतात ते साखरेने, असे लहानपणापासून ऐकत आले आणि त्याप्रमाणे वागतही आले. गोड पदार्थांची मला फारशी ओढ नाही. चहा आणि कॉफी मी बिनसाखरेची घेते. सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात लिंबू पिळून ते सावकाश पिते आणि त्यानंतर लगेच दात घासते. कामाच्या वेळी टेबलावर बिनसाखरेचा कोला असतो आणि तो घोट घोट करत बराच वेळ चालतो. संध्याकाळी संत्री, अननस, सफरचंद अशी फळे खाते आणि सॅलडवर व्हिनेगर घालते. यातले बहुतेक सारे प्रकृतीला चांगले म्हणूनच अंगवळणी पडलेले आहे. हल्ली गार पाणी प्यायल्यावर समोरच्या दातांत कळ येते आणि फळे खाल्ल्यावर दात पूर्वीपेक्षा लवकर आंबतात.

साखर नसताना इनॅमलची हानी नेमकी कशी होते? वरीलपैकी सर्वांत घातक काय, आणि फळे खाणे सोडावे लागेल का? गेलेले इनॅमल परत येते का? दही आंबट असूनही दातांना चांगले असे काही ठिकाणी वाचले, ते खरे असेल तर लिंबू वाईट आणि दही चांगले हे कसे? जाणकारांनी कारणांसह समजावून सांगितले तर मी ऋणी राहीन.

प्रतिसाद १ : दंतचिकित्सक

आपण केलेले वर्णन आम्लजन्य झिजेशी चांगलेच जुळते. प्रत्यक्ष दात पाहिल्याशिवाय निदान करता येत नाही आणि ते आपल्या दंतवैद्यांनी केलेलेच आहे, त्यामुळे मी फक्त कारणमीमांसा मांडतो.

इनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो आणि हे खनिज मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांपासून बनलेले हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट असते. दाढांच्या उंचवट्यांवर त्याची जाडी जास्तीत जास्त अडीच मिलिमीटरच्या आसपास असते आणि हिरडीकडे येताना ते पातळ होत जाते. ज्या पेशी इनॅमल घडवतात, त्या अ‍ॅमेलोब्लास्ट पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. हाड मोडले तर जुळून येते, त्वचा फाटली तर भरून येते. इनॅमलमध्ये मात्र दुरुस्ती करणारी जिवंत पेशीच शिल्लक नसते. म्हणून त्याची जी जाडी कायमची निघून गेली, ती शरीर पुन्हा तयार करू शकत नाही.

हे खनिज आम्लात विरघळते, आणि आम्ल दातांपर्यंत दोन निरनिराळ्या वाटांनी पोहोचते. पहिली वाट किडीची. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील जिवाणू, विशेषतः स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स आणि लॅक्टोबॅसिलस, आपण खाल्लेल्या साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या थराखालचे खनिज हळूहळू विरघळते. म्हणूनच जेथे थर साचून राहतो तेथे, म्हणजे दोन दातांच्या फटीत, दाढांच्या खाचांत आणि हिरडीलगत, कीड लागते. दुसरी वाट झिजेची. येथे जिवाणूंचा संबंधच नसतो. आम्ल थेट पेयातून किंवा पदार्थातून येते आणि दातांच्या उघड्या, गुळगुळीत पृष्ठभागावरून खनिजाचे पापुद्रे काढत जाते. उलट, स्वच्छ दातांवर जिवाणूंच्या थराचा आडोसाही नसल्यामुळे नेटाने दात घासणाऱ्या आणि गोड न खाणाऱ्या माणसांतही ही झीज पुष्कळदा दिसते. तुमच्या तोंडात कीड नसणे आणि झीज असणे यांत काहीही विसंगती नाही.

आता साखर नसलेल्या कोलाविषयी. त्यातील साखर काढलेली असल्यामुळे किडीचा धोका घटतो हे खरे, परंतु त्यातील फॉस्फोरिक आम्ल, आणि काही पेयांत त्याच्या जोडीला सायट्रिक आम्ल, तसेच राहते. आम्लता सामू या मापाने, म्हणजे पीएचने, मोजतात. ७ म्हणजे उदासीन आणि अंक जितका खाली तितकी आम्लता अधिक. कोला पेयांचा सामू साधारण अडीच ते साडेतीनच्या दरम्यान असतो, मग त्यांत साखर असो वा नसो. लिंबाच्या रसाचा सामू दोन ते अडीच, व्हिनेगरचा अडीच ते तीन, संत्र्याच्या रसाचा साडेतीन ते चार, वाइनचा तीन ते पावणेचार असतो. खेळाडूंसाठी विकली जाणारी पेयेही बहुधा तीन-साडेतीनच्या घरात असतात, आणि व्यायामाने तोंड कोरडे पडलेले असतानाच ती घेतली जातात ही त्यांतली अधिकची अडचण. इनॅमल विरघळू लागण्याची सीमा सर्वसाधारणपणे साडेपाच मानतात. दाताच्या आतील डेंटिन याहून लवकर, सहाच्या वरच्या सामूलाच विरघळू लागते. हिरडी मागे सरून मूळ उघडे पडलेल्या वयस्क माणसांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

माझ्या अनुभवात मात्र रुग्णांचे सर्वाधिक दुर्लक्ष होते ते सामूकडे नव्हे, वेळेकडे. आम्लाचा घोट घेतल्यानंतर लाळ त्याला धुऊन टाकते, तिच्यातील बायकार्बोनेट आम्लाला निष्प्रभ करते आणि तिच्यातील कॅल्शियम व फॉस्फेट मऊ पडलेल्या पृष्ठभागात पुन्हा जमू लागतात. या कामाला तिला काही मिनिटे लागतात. एक पेलाभर कोला जेवताना पाच मिनिटांत संपवला तर लाळेपुढे एकच काम उभे राहते. तोच पेला टेबलावर ठेवून अख्ख्या दुपारभर घोट घोट घेतला, तर एक काम संपण्याआधी दुसरे सुरू होते आणि दात जवळजवळ सलग आम्लात राहतात. त्यामुळे तुमच्या यादीत माझे बोट आधी या कोलावर आणि त्यानंतर सकाळच्या लिंबूपाण्यावर पडेल. झोपेत लाळ जवळजवळ आटलेली असते आणि उठल्या उठल्या तिचा प्रवाह अजून पुरता सुरू झालेला नसतो. अशा वेळी सावकाश प्यालेले आम्ल दातांवर रेंगाळते, आणि लगेच ब्रश फिरवला की मऊ पडलेला वरचा थर घासून निघण्याची शक्यता वाढते.

वरच्या पटाशीच्या दातांची बाहेरची बाजू झिजली असेल, तर आम्ल बाहेरून येत असण्याचा संभव अधिक. हीच झीज त्या दातांच्या टाळूकडील बाजूस असती, तर मी आधी पोटातील आम्लाविषयी विचारले असते.

प्रतिसाद २ : रसायनी

मी रसायनशास्त्र शिकवते. दही आणि लिंबू यांविषयीचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण केवळ सामूच्या तक्त्यावरून पदार्थांची चांगले आणि वाईट अशी विभागणी केली की निष्कर्ष चुकतात.

साडेपाच हा आकडा खनिजाचा स्वतःचा स्थिर गुणधर्म नाही. एखाद्या द्रावात इनॅमल विरघळेल की नाही, हे त्या द्रावात आधीच किती कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेले आहे यावरही अवलंबून असते. मिठाने पूर्ण संपृक्त झालेल्या पाण्यात आणखी मीठ टाकले तर ते जसे तळाशी तसेच पडून राहते, त्याच नियमाने कॅल्शियम व फॉस्फेटने समृद्ध द्रावात दाताचे खनिज विरघळायला वाव उरत नाही. साडेपाच ही सीमा सर्वसामान्य लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या प्रमाणासाठी काढलेली आहे. दह्याचा सामू चार ते साडेचारच्या दरम्यान, म्हणजे या सीमेच्या बराच खाली असतो, परंतु दह्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके असते की त्या सामूलाही इनॅमल विरघळत नाही. दही खरोखरच आंबट असते आणि तरीही दातांची झीज करत नाही. आपण वाचलेले बरोबर आहे. साखर घातलेले फळांच्या स्वादाचे दही हा वेगळा विषय, कारण तेथे किडीची वाट उघडते. याच तत्त्वावर कॅल्शियम मिसळलेला संत्र्याचा रस साध्या रसापेक्षा कमी झीज करतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

लिंबाच्या बाबतीत तिन्ही गोष्टी प्रतिकूल आहेत. सामू फार कमी आहे, संरक्षण देण्याइतके कॅल्शियम नाही आणि आम्लाचा साठा मोठा आहे. साठ्याचा मुद्दा अनेकदा राहून जातो. दोन पेयांचा सामू सारखा असूनही एकाला उदासीन करण्यासाठी दुसऱ्याहून कितीतरी अधिक अल्क लागू शकते. लाळेला ज्या कामाचा भार सोसावा लागतो तो या एकूण आम्लावर ठरतो. म्हणूनच कार्बन डायऑक्साइड मिसळलेल्या साध्या पाण्याचा सामू चार-पाचच्या दरम्यान असला तरी त्यातील कार्बोनिक आम्ल दुबळे आणि थोडे असते, लाळ ते सहज निपटून काढते आणि प्रत्यक्षात त्यापासून होणारी हानी नगण्य असते. त्यात लिंबाचा किंवा इतर फळांचा आंबट स्वाद मिसळला की हे समाधान टिकत नाही.

सायट्रिक आम्लाची आणखी एक खोड आहे. त्याच्या रेणूला तीन आम्लगट असतात आणि त्याचे आयन कॅल्शियमला पकडून ठेवतात. त्यामुळे आम्ल अर्धेमुर्धे उदासीन झाल्यावरही ते लाळेतील कॅल्शियम अडकवून ठेवू शकते आणि खनिज परत जमण्याच्या कामात खोळंबा करते.

पाण्यात पिळले म्हणजे लिंबू निरुपद्रवी झाले, असा समज सर्रास आढळतो. सायट्रिक आम्ल दुर्बल आम्ल असल्यामुळे रस दहापट पातळ केला तरी सामू जेमतेम अर्ध्या अंकाने वाढतो. एकूण आम्ल कमी होते, त्यामुळे पातळ करण्याचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. परंतु पेलाभर लिंबूपाण्याचा सामू तीनच्या खालीच राहू शकतो. सामूचे माप लघुगणकी आहे, म्हणजे अडीच आणि साडेपाच यांतील तीन अंकांचा फरक हायड्रोजन आयनांच्या प्रमाणात हजारपट असतो. शिवाय पाणी कोमट असेल तर विरघळण्याचा वेग वाढतो. गार पेयापेक्षा कोमट आम्लयुक्त पेय दातांना अधिक लागते.

प्रतिसाद ३ : चौकस

दोघांचेही मनापासून आभार. दह्याचा उलगडा वाचून फार समाधान वाटले. कोला टेबलावरून आजच हलवते.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. ब्रश केव्हा करावा याविषयी परस्परविरोधी सल्ले वाचायला मिळतात. कोणी अर्धा तास थांबा म्हणते, कोणी तासभर, आणि अलीकडे थांबण्याने काही फरक पडत नाही असेही वाचले. दुसरे म्हणजे, फळांचे काय? संत्र्याचा रस आणि आख्खे संत्रे यांत दातांच्या दृष्टीने फरक आहे का?

प्रतिसाद ४ : दंतचिकित्सक

ब्रशच्या वेळेविषयी तज्ज्ञांत एकमत नाही, ही वस्तुस्थिती आहे. आम्लाने मऊ झालेला थर काही मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि प्रयोगशाळेत तो ब्रशने सहज निघतो, यात वाद नाही. वाद आहे तो अर्धा किंवा एक तास थांबल्याने लाळ तो थर पुरेसा कठीण करते का, याविषयी. तोंडात इनॅमलचे तुकडे बसवून केलेल्या काही प्रयोगांत थांबण्याचा लाभ दिसला आणि काहींत तो फार थोडा दिसला. अमेरिकन डेंटल असोसिएशन तासभर थांबायला सांगते. माझे मत असे की थांबणे शक्य असेल तर थांबावे, त्यात तोटा काहीच नाही. परंतु आम्लाचा संपर्क तसाच ठेवून केवळ ब्रशचे घड्याळ बदलल्याने झीज थांबेल अशी अपेक्षा धरू नये. सकाळच्या बाबतीत सोपा मार्ग हा की दात आधी घासावेत आणि लिंबूपाणी घ्यायचेच असेल तर ते नंतर, जेवणाबरोबर आणि न रेंगाळता घ्यावे. फ्लोराइडचा ताजा थर त्या वेळी दातांवर असतो, हा अधिकचा फायदा. आम्ल घेतल्यावर लगेच साध्या पाण्याने चूळ भरायला कोणाचीच हरकत नाही.

ब्रश मऊ तंतूंचा असावा आणि हात हलका. टूथपेस्टमध्ये १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइड असावे. फ्लोराइड खनिजात शिरले की तयार होणारे फ्लुओरअ‍ॅपेटाइट सुमारे साडेचार सामूपर्यंत टिकाव धरते, आणि किडीविरुद्ध त्याचा उपयोग निर्विवाद आहे. अडीच सामूच्या पेयापुढे मात्र तेही विरघळते, म्हणून झिजेविरुद्ध त्याच्याकडून मर्यादितच अपेक्षा ठेवावी. स्टॅनस फ्लोराइड असलेल्या पेस्टने झिजेपासून अधिक संरक्षण मिळते असे दिसते. आपल्या दंतवैद्यांना त्याविषयी अवश्य विचारा. घासून झाल्यावर फेस थुंकावा आणि भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. दात पांढरे करण्याचा दावा करणाऱ्या खरखरीत पेस्ट आणि कोळशाची पूड तुमच्यासारख्या स्थितीत पूर्णपणे टाळा. इनॅमल पातळ झाल्यावर दात पिवळसर दिसतो तो आतील डेंटिनच्या रंगामुळे, आणि घासण्याने तो पिवळेपणा वाढतच जातो.

फळांविषयी. फळे सोडू नका. आख्खे फळ चघळावे लागते, चघळण्याने लाळ सुटते आणि फळ दातांभोवती फार काळ राहत नाही. रसात हे संरक्षण नसते, उलट तो प्रत्येक फटीत पोहोचतो. तरीही आंबट जातीच्या फळांना मुभा अमर्याद नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील एका अभ्यासात दिवसातून दोनपेक्षा अधिक वेळा ही फळे खाणाऱ्यांत झिजेचा धोका पुष्कळच जास्त आढळला होता. संध्याकाळभर थोडे थोडे खाण्यापेक्षा जेवणाच्या शेवटी एकदाच खा आणि त्यानंतर चीजचा तुकडा किंवा थोडे दूध घ्या. चीजमुळे तोंडातील सामू वर जातो, लाळ वाढते आणि कॅल्शियमचा पुरवठा होतो. दुधाचा स्वतःचा सामू साडेसहाच्या वरच असतो. फोडी तोंडात धरून चोखण्याची सवय असेल तर ती मोडा. पेये तोंडात खुळखुळवून गिळणाऱ्यांतही झीज ठळक असते, आणि वाइनची पारख हा व्यवसाय असणाऱ्यांच्या दातांत ती याच कारणाने आढळते. स्ट्रॉने पिताना तिचे टोक दातांच्या मागे गेले तरच उपयोग होतो. ओठांशी धरलेली स्ट्रॉ धार नेमकी पटाशीच्या दातांवर सोडते.

प्रतिसाद ५ : औषधनिर्माता

वरील माहितीत एक भर घालावीशी वाटते. खाण्यापिण्यातील आम्लाचा परिणाम लाळेच्या पुरवठ्यावर अवलंबून असेल, तर लाळ कमी करणारी औषधेही विचारात घ्यायला हवीत, आणि रुग्ण ती दंतवैद्याला सांगायचे हमखास विसरतात. अ‍ॅलर्जीवरील अनेक गोळ्या, नैराश्यावरील काही औषधे, लघवी वाढवणारी औषधे आणि मूत्राशयाच्या अतिक्रियाशीलतेवरील काही औषधे तोंड कोरडे पाडतात. अशा माणसाला सुक्या घशासाठी आंबट गोळी चोखण्याचा मोह होतो आणि त्यातून दुहेरी हानी होते. त्याने पाणी पीत राहावे आणि साखरविरहित च्युइंगम चघळावे. त्यात झायलिटॉल असल्यास अधिक चांगले, कारण स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स त्यापासून आम्ल तयार करू शकत नाही. जेवणानंतर वीस मिनिटे च्युइंगम चघळल्याने लाळेचा प्रवाह वाढतो.

चघळायच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या थेट अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाच्या असतात आणि दाढांच्या पृष्ठभागावर दाबल्या जातात. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या अनेक गोळ्यांत सायट्रिक आम्ल असते. हे पूरक पदार्थ रोज घेत असाल तर गिळायच्या गोळीचा पर्याय विचारून घ्या. लिहून दिलेले औषध मात्र दातांच्या काळजीपोटी स्वतःहून बंद करू नये.

छातीत जळजळ, आंबट ढेकर किंवा रात्री घशाशी येणे असा त्रास असेल, तर तोही सांगावा. जठरातील आम्लाचा सामू एक ते दोन असतो, म्हणजे वर उल्लेख झालेल्या कोणत्याही पेयापेक्षा ते तीव्र आहे. वारंवार उलट्या होणाऱ्या माणसांनी त्यानंतर लगेच ब्रश न करता पाण्याने चूळ भरावी.

प्रतिसाद ६ : जुना वाचक

चर्चा आम्लाकडे वळली हे योग्यच झाले, परंतु हा धागा वाचून कोणी साखरेला निर्दोष ठरवू नये म्हणून लिहितो आहे. धागाकर्तीला कीड नाही, याचे मोठे श्रेय तिच्या कमी गोड खाण्याला आहे, आणि जगभर दात गमावण्याचे प्रमुख कारण कीड हेच आहे.

साखरेच्या बाबतीतही प्रमाणाइतकीच वारंवारिता निर्णायक असते, हे ज्या अभ्यासातून ठसठशीतपणे पुढे आले त्याची हकीकत क्लेशकारक आहे. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ विपेहोल्म नावाची संस्था होती आणि तेथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्ती राहत. १९४५ नंतरच्या वर्षांत त्यांच्यावर साखरेचे निरनिराळे प्रयोग करण्यात आले. काहींना जेवणाबरोबर गोड पेय किंवा गोड पाव दिला आणि काहींना दोन जेवणांच्या मधल्या वेळेत दाताला चिकटणाऱ्या टॉफी दिल्या. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड थोडीच वाढली. मधल्या वेळेतील टॉफींनी ती झपाट्याने वाढली आणि अनेकांचे दात कायमचे खराब झाले. निष्कर्ष १९५४ साली प्रसिद्ध झाले. त्या माणसांची संमती कोणी घेतलेली नव्हती. आज दंतवैद्यकाचे विद्यार्थी हा अभ्यास ज्ञानासाठी शिकतात आणि संशोधनातील नीतिमत्तेचा भंग म्हणूनही शिकतात, आणि ही दुसरी बाजू वगळून त्याचे निष्कर्ष सांगणे मला योग्य वाटत नाही. आठवड्यातून एकाच दिवशी, शनिवारी, मुलांना गोड खाऊ द्यायचा हा स्वीडनमधील प्रघात याच निष्कर्षांतून पुढे रुजला.

१९४०च्या दशकात दंतसंशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी दातांवरील थराचा सामू प्रत्यक्ष मोजून दाखवला होता. ग्लुकोजच्या द्रावणाने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच तो सीमेखाली जातो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. दर तासाला एक बिस्किट खाणारा माणूस दिवसातला किती काळ या उतारात घालवतो, याचा विचार करा. आणि चिकटपणा म्हणजे केवळ टॉफी नव्हे. मनुका, खजूर यांसारखी सुकी फळे दातांत अडकून बसतात. चिप्स आणि मऊ पाव खारट किंवा फिके लागतात म्हणून निर्धोक वाटतात, पण त्यांतील शिजलेल्या पिष्टाचे लाळेतील अमायलेज शर्करेत रूपांतर करते आणि लगदा दाढांच्या खाचांत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मुक्त शर्करेचा, म्हणजे मुख्यतः पदार्थांत वरून घातलेल्या साखरेचा, वाटा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली ठेवावा आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली आणावा अशी शिफारस केली, त्यामागे दातांचा विचार ठळकपणे होता. त्या व्याख्येत मध आणि फळांचा रस येतात, आख्खी फळे येत नाहीत.

प्रतिसाद ७ : चौकस

हे सारे मुद्रित करून ठेवते आहे. आता एकच शंका उरते: पुढच्या भेटीत दंतवैद्यांना नेमके काय विचारावे? खळगे भरावे लागतील का, की वाट पाहावी?

प्रतिसाद ८ : दंतचिकित्सक

पहिला प्रश्न असा विचारा की झिजेची नोंद कोणत्या पद्धतीने ठेवली आहे. बेवी नावाची एक सोपी निर्देशांक पद्धत २००८ पासून वापरात आहे. तीत तोंडाचे सहा भाग करून प्रत्येक भागातील सर्वाधिक झिजलेल्या पृष्ठभागाला शून्य ते तीन असे गुण देतात. दोन म्हणजे पृष्ठभागाच्या निम्म्याहून कमी भागावर स्पष्ट हानी आणि तीन म्हणजे निम्म्यावर किंवा त्याहून अधिक. बेरीज जास्तीत जास्त अठरा होते. एका भेटीतील आकड्याने फारसे कळत नाही, दोन भेटींतील फरकाने कळते. त्याबरोबर दातांची छायाचित्रे आणि शक्य असल्यास ठसे किंवा स्कॅन मागून घ्या, म्हणजे सहा महिने किंवा वर्षाने तुलना करता येईल. झीज जुनी असून थांबलेली आहे की अजून चालू आहे, हा खरा प्रश्न आहे. चालू असलेली झीज बहुधा रेशमी, निस्तेज चकाकी आणि वाढती संवेदनशीलता दाखवते, तर थांबलेल्या झिजेवर हळूहळू डाग धरू लागतात.

तिथपर्यंत चार दिवस जे काही खाल, प्याल, चघळाल ते वेळेसह लिहून ठेवा, त्यांतला एक दिवस सुट्टीचा असू द्या, आणि ती वही घेऊन जा. प्रमाणापेक्षा वेळा लिहिणे अधिक उपयोगी. कोलाची बाटली किती मिलिलिटरची होती यापेक्षा ती किती वाजता उघडली आणि किती वाजता संपली हे मला कळलेले हवे असते. वरील प्रतिसादात आलेली औषधे आणि पोटाचा त्रास असल्यास तोही त्याच वहीत नोंदवा.

खळग्यांविषयी: डेंटिन उघडे पडून कळ येत असेल, किंवा अन्न तेथे अडकत असेल, तर कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणद्रव्याने, ते भरता येतात आणि पटाशीच्या पातळ कडांनाही त्याने आधार देता येतो. मात्र आम्लाचा संपर्क चालू असताना केलेल्या भरणीभोवतीचा दात झिजतच राहतो आणि काही काळाने भरणी दाताच्या पृष्ठभागावर उंचवट्यासारखी उभी राहते. म्हणून कळ सोसवत असेल तर प्रथम सवयी बदलून काही महिने निरीक्षण करायचे आणि मग भरणीचा निर्णय घ्यायचा, असा क्रम मी सुचवेन. मधल्या काळात कळ कमी करण्यासाठी दंतवैद्य फ्लोराइडचे व्हार्निश लावू शकतात, आणि संवेदनशील दातांसाठीची पेस्ट रोज वापरल्यास तिचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात.